एका वायरीवर दोघी

हेडसेटची पट्टी सासूबाईंच्या अंबाड्यात अडकली. सुनेनं ती हलक्या हातानं सोडवली, जरा पुढे सारली आणि दोन्ही कप त्यांच्या कानांवर बसवले. हेडसेट नवऱ्याचा होता, गेम खेळायचा. तो घालून सासूबाई आता विमान चालवणार की काय, असं वाटत होतं. कॉम्प्युटरला सुनेनं दोन तोंडांची पिन लावली होती. एका तोंडात तिची वायर, दुसऱ्यात सासूबाईंची.

"तुम्हाला सगळं ऐकू येईल," ती म्हणाली. "फक्त मी कॉलवर असताना बोलू नका. माझ्या माइकमधून पलीकडे जातं."

बोलू नका, असं सासूबाईंना या घरात पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. पण त्यांनी मान डोलावली.

प्रश्न या खोलीचा होता, जिथे बसून सून इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर घ्यायची. सासूबाईंचा धाकटा भाऊ एकटा पडला होता आणि आता कायमचा इथे राहायला येणार होता. खोली त्याला द्यायची, सुनेनं आपलं बिऱ्हाड जेवणाच्या टेबलावर हलवायचं, असं सासूबाईंनी काल ठरवून टाकलं. सून हो म्हणाली. टेबलाला लागून टीव्ही, टीव्हीला लागून स्वयंपाकघर. कॉलमध्ये घरचा गोंगाट ऐकू आला की कंपनी दोनदा समज देते आणि तिसऱ्यांदा घरी बसवते, आणि सून तर आधीच घरी बसलेली. यातलं काहीच ती काल बोलली नव्हती. आज सकाळी एवढंच म्हणाली, "आई, माझं काम एकदा ऐकून बघता का?"

पहिला कॉल एका बाईंचा होता. त्यांचं इंटरनेट रडतखडत चाललं होतं. सुनेनं त्यांना कुठलं बटण दाबायचं, कुठली वायर काढून परत लावायची ते सांगितलं, बाईंनी तोंडभर आशीर्वाद दिले. सासूबाई खूश झाल्या. आमची सून उलटून ब्र काढत नाही, हे त्या चार बायकांत नेहमी सांगत. ती परक्यांशीही इतकं गोड बोलते, हे आज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

दुसरा कॉल एका पुरुषाचा होता आणि तो नमस्कारालाही थांबला नाही.

"काम येत नाही तर खुर्च्या कशाला अडवता? घरी बसून भांडी घासा! सकाळपासून माझं नेट बंद आहे. आईबापांनी हेच शिकवलं का, लोकांचे पैसे खायला?"

सासूबाईंचे कान कपांच्या आत तापले. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून हसत होती. हसून बोललं की आवाजात हसू उतरतं, असं या कामात शिकवतात.

"तुमचं अगदी बरोबर आहे," सून म्हणाली. "मी बघते काय करता येतं ते."

सासूबाई चमकल्या. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. काल संध्याकाळी, याच आवाजात, शब्दाला शब्द असंच त्यांनी ते ऐकलं होतं. फरक एवढाच, की काल त्यात "आई" होतं.

सुनेनं वायरीवरचं माइक बंद करायचं छोटं बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"मर मेल्या," ती स्क्रीनवर बघत सहजपणे म्हणाली. "लाइन तुझ्या दारापर्यंत धडधाकट आहे. तुझ्याच घरात वायर तुटलीय आणि खापर आमच्या डोक्यावर."

तिनं पुन्हा बटण दाबलं. दिवा विझला, हसू परत आलं. "थांबल्याबद्दल आभारी आहे, साहेब. दुपारी आमचा माणूस येऊन घरातली वायर बदलून देईल." साहेबांनी आणखी थोडं तोंडसुख घेतलं आणि फोन ठेवला.

सासूबाईंनी एका कानावरचा कप बाजूला केला. "चूक त्याची होती. मग तू त्याला बरोबर आहे का म्हणालीस?"

"म्हणायचं असतं, आई. वाद घातला की माणूस अर्धा तास भांडत बसतो. बरोबर आहे म्हटलं की लवकर फोन ठेवतो."

ती हे कामाची युक्ती सांगावी तसं सांगून गेली.  सासूबाईंना राग यायला हवा होता, पण आलं ते वाईट वाटणं. इतक्या वर्षांतले सुनेचे होकार त्यांना एकेक करून आठवू लागले. माहेरच्या लग्नाला न जाणं. गाण्याचा क्लास सोडणं. नातीचं नावसुद्धा सासूबाईंनीच सुचवलं होतं, आणि सून लगेच हो म्हणाली होती.

"आणि काल मी खोलीचं विचारलं," त्या म्हणाल्या, "तेव्हा काय म्हणालीस गं मला?"

सुनेचा हात कीबोर्डवर थांबला. पुढचा कॉल अजून आला नव्हता. तिनं सासूबाईंकडे पाहिलं, आणि ते हसू आपोआप तिच्या चेहऱ्यावर आलं.

"आई, तुमचं अगदी—"

सासूबाईंनी हात लांब करून तिच्या वायरीवरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"हं," त्या म्हणाल्या. "आता बोल."