अळणी कपाळ

उठल्याबरोबर केतकीनं सवयीनं बाळाच्या कपाळाला जीभ लावली. खाऱ्या वाळवंटी रणातल्या या वसाहतीत प्रत्येक आई सकाळी हेच करी. गोडं पाणी संपल्यापासून इथं सगळेच खारं पाणी पीत. खारट मातीत तग धरणाऱ्या झुडपाचा गुण त्यांच्या रक्तात उतरवला होता. अंगातलं मीठ रात्रीतून कातडीवर येई आणि सकाळी चादर झटकली की काम भागे.

आज बाळाचं कपाळ अळणी लागलं.

"आई, जरा बघता का?" तिनं सासूला हाक मारली.

"तुझ्याच जिभेची चव गेली असेल. कालची आमटी आठवतेय ना?" वत्सलाबाईंनी हसत हसत बाळाचं कपाळ चाखलं आणि त्यांचं हसू मावळलं.

"रात्री पाणी प्यायलं ना हे?"

"पोटभर."

"मग मीठ गेलं कुठं?"

वत्सलाबाईंनी उमेदीची वर्षं त्या झुडपांच्या रोपवाटिकेत काढली होती. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "काही झुडपं मीठ बाहेर टाकतच नाहीत गं. एखाद्या पानात साठवत राहतात. ते भरलं की गाळून टाकतात."

केतकीनं बाळाची मूठ उघडली. करंगळी पांढरीफटक पडली होती, मिठाच्या खड्यासारखी टणक. बाळ मात्र खुदखुदत होतं. त्याला काहीच दुखत नव्हतं.

"झाडाला नवं पान फुटतं, आई. पण बोट?" केतकी कशीबशी म्हणाली.

वत्सलाबाई बाळाची दुसरी मूठ उघडत होत्या.