पंधरा फुटांवर

मासेमारीच्या नऊ फुटी रॉडचं टोक छताच्या ट्यूबलाइटला लागलं आणि ओवीने हात खाली घेतला.

"मनगट सैल पडलं," चारुदत्त म्हणाला. "डोळ्यांसमोर घड्याळ आण. मागे नेताना एक वाजता थांबायचं, पुढे आणताना दहा वाजता. मध्ये कुठेही नाही. पुन्हा कर."

"बाबा, देअर इज अ सीलिंग."

आखातातल्या मीना बंदराजवळच्या गनीभाईंच्या दुकानात सकाळपासून दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून हा वर्ग अर्धा तास सुखाने चालू होता. चारुदत्त तेलकंपनीत इन्स्पेक्शनला होता. त्याला कोणतीही गोष्ट अर्धवट येत नसे, आणि जी येई ती दुसऱ्याला शिकवल्याशिवाय चैन पडत नसे. ओवीला पोहायला त्यानेच शिकवलं. तिने पोहणं सोडलं. बुद्धिबळ शिकवलं, पट माळ्यावर गेला. आता लेक सतरा वर्षांची झाली होती, सप्टेंबरात शिकायला परदेशी जाणार होती, आणि त्याआधी हिमाचलातल्या एका ओढ्यावर दोघांनीच आठ दिवस ट्राउट मासे पकडावेत असं त्याच्या फार फार मनात होतं. ओवी अजून हो म्हणाली नव्हती. "लेट्स सी" म्हणाली होती, आणि रॉड बघायला आली होती. तेवढ्यावर त्याने सुट्टी मंजूर करून घेतली होती.

"हाच घ्यायचा," तो म्हणाला. "कार्बन. कडक, फास्ट, सत्तर फूट दोरी फेकतो. मी सगळे रिव्ह्यू वाचलेत. पॅक करा, गनीभाई."

गनीभाई मूळचे रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचे. समुद्रावरचे रॉड विकण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. ट्राउट त्यांनी फोटोतच पाहिला होता आणि ते तसं गिऱ्हाइकाला सांगूनही टाकत. त्यांनी पॅक करायला काही घेतलं नाही.

"सत्तर फूट फेकून दोरी पडणार कुठे, साहेब? ओढा केवढा तुमचा?"

"छोटाच आहे. पण ॲक्युरसी..."

"मग पलीकडच्या झाडावर मासे राहतात काय?"

ओवी हसली. लगेच थांबली, पण हसली.

गनीभाईंनी मागच्या फळीवरून एक पिवळसर, जेमतेम साडेसहा फुटांचा रॉड काढला. त्याला रीळ लावलं, दोरी ओवली आणि टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा झुपका बांधला. "हा फायबरग्लासचा. आरामात चालतो. मुठीपर्यंत वाकतो. बघ बेटा, हातात धरून."

"ग्लास म्हणजे एकदम जुनी टेक्नॉलॉजी," चारुदत्तने सुरुवात केली. "त्याची रिकव्हरी, म्हणजे वाकून पुन्हा सरळ होणं, इतकं स्लो असतं की..."

"साहेब, एक काम करा." गनीभाईंनी चहाची बशी पुसून त्याच्या हातात दिली. "त्या टोकाला जाऊन उभे राहा. ही बशी म्हणजे तुमचा मासा."

"मी इथूनच सांगतो ना तिला."

"मग मासा कोण धरणार? यल्ला, चला साहेब."

दोन फळ्यांमधल्या बोळातून चारुदत्त पंधरा फूट चालत गेला आणि बशी छातीशी धरून उभा राहिला. तिथून त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. तिचं कोपर बाहेर होतं. अंगठा चुकीच्या जागी होता. त्याने तोंड उघडलं.

"मासे बोलत नाहीत," गनीभाई म्हणाले.

पहिल्या फेकीला झुपका लाइफ जॅकेटांत गेला. दुसऱ्या फेकीला चारुदत्तच्या बुटावर पडला. तिसऱ्यांदा छताला टांगलेल्या जाळीत अडकला, तो ओवीने स्टुलावर चढून स्वतःच सोडवला. चारुदत्तला प्रत्येक चूक दिसत होती आणि प्रत्येकीवरचा उपाय जिभेवर तयार होता. गप्प राहणं त्याला खरोखर जड जात होतं. पण तो राहिला.

मग ओवीने रॉड जरा आडवा धरला. असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. दोरी मागे काउंटरपर्यंत गेली, रॉड वाकला, ती थांबली. मुठीत ओढ लागेपर्यंत थांबली आणि मग हात पुढे आणला. झुपका जाळीखालून आला आणि बशीच्या काठाला लागून खाली पडला. पुढच्या खेपेला तो बशीच्या मधोमध उतरला, आवाजही झाला नाही. मनगट सैलच होतं.

"आय कॅन फील इट बेंड," ती म्हणाली. हे ती कोणालाच उद्देशून म्हणाली नव्हती.

तिने आणखी सहा-सात वेळा फेकलं. काही फेकी चुकल्या, बऱ्याचशा बशीत आल्या. चारुदत्तचा दंड भरून आला होता, पण त्याने बशी खाली केली नाही. आपली लेक एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा, कोणी न सांगता करताना त्याने फार दिवसांनी पाहिली होती, आणि त्याला वाटत होतं की हे असंच दुपारपर्यंत चालावं.

"बाबा," ओवीने तिथूनच विचारलं, "हाउ वाइड इज द स्ट्रीम?"

चारुदत्तला माहीत होतं. पुलाखाली चौदा फूट, पाणचक्कीपाशी अकरा, वर देवदारांत तर कुठे कुठे सातच. गेल्या वर्षी त्याने टेप लावून मोजलं होतं. कोणत्या महिन्यात पाणी किती चढतं तेही त्याला ठाऊक होतं.

"नक्की नाही सांगता येणार," तो म्हणाला. "तूच बघून सांग मला."

रॉड गनीभाईंना परत न देता ओवी दोरी गुंडाळू लागली.

"चालेल," ती म्हणाली. "पण तिथेपण तू एवढ्याच लांब उभं राहायचं."