अनुमोदक

“सूचक मी स्वतः. अनुमोदक कोण?” सरपंच सुकेशनीताईंनी विचारलं, आणि सगळी ग्रामसभा लिंबाजीरावांकडं बघू लागली.

सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन नुकतंच झालं होतं. लिंबाजीराव विरोधी गटाचे पुढारी. नाली असो, नळ असो की शाळेचं कंपाउंड, ताईंच्या ठरावाला आडवं जाण्यात त्यांनी कधी हयगय केली नव्हती. आजचा ठराव तर तिबेटचा होता. तिबेटी लोकांना आपल्या मायदेशी मानानं परत जाता यावं, त्यांच्या या मागणीला ही ग्रामसभा पाठिंबा देते, असा.

पहिल्या रांगेत तिबेटी ल्हामोआजी बसली होती. दर हिवाळ्यात ती परभणीत स्वेटरचं दुकान लावायची, आणि बाजाराच्या दिवशी गाठोडं घेऊन ताडकळसकडच्या या गावात यायची. गावातल्या निम्म्या लेकरांच्या अंगावर तिचेच स्वेटर होते. पौर्णिमेला विहारात वंदनेला बसायची, तिथंच ताईंची आणि तिची ओळख वाढली. लहानपणी बापाच्या पाठीवर बसून डोंगर ओलांडला, त्यानंतर तिनं आपलं गाव पाहिलं नव्हतं. ताईंनी तिला शब्द दिला होता, की आमचं गाव तुमच्या पाठीशी उभं राहील, आणि एकमतानं उभं राहील. हे ‘एकमतानं’ त्यांच्या तोंडून जरा घाईतच निघून गेलं होतं.

ताईंच्या गटातून अनुमोदक पन्नास मिळाले असते. पण आजीला दिलेला शब्द एकट्या लिंबाजीरावांपाशी अडला होता.

“घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!” लिंबाजीराव उठलेच. “आपल्या गावात धड पाणी न्हाई आन् ताई तिबेट सोडवायल्यात. दिल्लीवाले वाचतेत का तुमचा ठराव?”

“न्हाई वाचला तर न्हाई,” ताई म्हणाल्या. “आपण बोललो, एवढं तर राहील की.”

ताईंनी परभणीहून एक फ्लेक्स छापून आणला होता. एकाही पुढाऱ्याचा फोटो नसलेला हा गावातला पहिलाच फ्लेक्स. त्यावर तिबेटचा नकाशा, पिवळ्या रंगात, ठळक. विषय बदलावा म्हणून ताई आजीला म्हणाल्या, “आजी, तुमचं गाव दाखवा बरं सगळ्यांना. कुठं आहे?”

आजी हळूहळू फ्लेक्सपाशी गेली. तिचं बोट पिवळ्या रंगावरून उजवीकडं सरकत गेलं, रेघ ओलांडून बाहेर आलं आणि कोऱ्या जागेवर थांबलं.

“इधर,” ती म्हणाली.

“पण हे तर नकाशाच्या बाहेर आहे,” ग्रामसेवक म्हणाले.

“हां. चीनवालों ने रेघ मारली. आमचा मुलूख तोडून दुसरीकडं जोडला. उसका नाम भी बदल दिया.” आजीनं बोट काढलं नाही. “पण गाव इधरच हाय.”

ताईंचा चेहरा उतरला. मोबाईलवर सापडला तो नकाशा त्यांनी छापायला दिला होता. जिच्यासाठी एवढा खटाटोप, तिचंच घर बाहेर राहिलं होतं. आणि समोर चुका काढण्यात गावात पहिला नंबर असलेला माणूस उभा होता. त्या मनातल्या मनात म्हणाल्या, आता संपलं.

“माझी हरकत हाय!” लिंबाजीराव गरजले. “लिहून घ्या ग्रामसेवक. हा ठराव अपुरा हाय.”

लिंबाजीराव फ्लेक्सपाशी आले.

“आपला जिल्हा फोडला तवा हिंगोली तिकडं गेली. माझी थोरली बहीण सेनगावला दिलेली. मंग काय ती परकी झाली का? भाऊबीजेला येती का न्हाई ती?”

“अहो अण्णा, जिल्हा आन् देश एक असतंय का?” मागून कुणीतरी हसलं.

“एक नसतंय, मलाबी कळतंय. पण रेघ मारताना ना मला कुणी इचारलं, ना या माउलीला.” ते आजीकडं वळले. आवाज आपोआप खाली आला. “आजी, काय म्हणतेत तुमच्या त्या मुलखाला?”

“खाम.”

“खाम लिव्हा. आजूनबी तोडलेलं जे काय आसंल ते आजीला इचारून लिव्हा. पुरा मुलूख लिव्हा. आन् मंग अनुमोदक म्हणून माझं नाव घाला.”

निवडणूक जिंकली त्या दिवशीही ताईंना आपल्या गावाचा एवढा अभिमान वाटला नव्हता. ग्रामसेवकांनी आजीला विचारत विचारत ठराव दुरुस्त केला आणि ताईंनी तो पुन्हा, या वेळी मोठ्यानं वाचला.

“ज्यांना मंजूर आहे त्यांनी हात वर करा.”

हात वर झाले. लिंबाजीरावांच्या गटाचे आधी, मग सगळ्यांचेच. ग्रामसेवक मोजत मोजत पुढं आले आणि पहिल्या रांगेशी अडखळले. ल्हामोआजीचाही हात वर होता.

“ताई, यांचं नाव मतदार यादीत नाही,” ते हळूच म्हणाले. “यांचा हात मोजता येणार नाही.”

“नका मोजू,” ताईंच्या आधी लिंबाजीरावच बोलले. “पण खाली घ्या म्हणायचं न्हाई.”

मोजणी झाली. ठराव एकमतानं मंजूर झाल्याचं ताईंनी जाहीर केलं. आजीनं हात खाली घेतला नाही, म्हणून कुणीच घेतला नाही.