दोन द्राक्षांची वाइन

"नको म्हटलं ना," संघमित्रा म्हणाली. तोवर शशिकांतनं बूच उपसलंही होतं.

शहाण्णव सालचा मार्च, शनिवारची दुपार. अमेरिकेत ॲन आर्बरमधल्या तिच्या एका खोलीच्या घरात हीटर खडखडत होता. तिच्या प्रबंधाचे कागद बाजूला सारून त्यानं टेबलावर बाटली ठेवली होती. जवळच्याच ट्रॉय गावातल्या त्याच्या कंपनीनं त्याला आठ दिवस इंग्लंडला धाडलं होतं, तिथून आणलेली.

"इंग्लंडात द्राक्षं पिकतात?"

"पिकतात. कुणाला खरं वाटत नाही, म्हणून तर आणली. व्हाइट आहे, बुडबुडे नाहीत. दोन जातींची द्राक्षं मिसळलीत, बॅकस आणि ऑर्टेगा. एकीचा वास, दुसरीचा गोडवा."

"म्हणजे जाती तिथंही आहेतच. लेबलवर नाव आधी कुणाचं?"

"जी जास्त, तिचं."

"वाटलंच."

तो हसला आणि दोन ग्लास भरले.

तिच्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, त्याच दिवशी दारू सोडली. त्याआधी त्यांना भट्टीवरून उचलून आणावं लागे. मग घरात थेंब आला नाही. रोज संध्याकाळी पंचशील म्हणताना दारूबंदीच्या पाचव्या शीलाला म्हाताऱ्याचा आवाज चढायचा. इथल्या पार्ट्यांत मराठी पोरं तिला चिडवत, "यार, एवढी कसली सोवळी?" सोवळी! जिच्या आजीला गावच्या विहिरीची पायरी चढू दिली नाही, तिची नात सोवळी.

शशिकांत पुण्याचा. जानवं कॉलेजातच फेकलं, हे तो ओळख झाल्यावर पाच मिनिटांत सांगायचा. दोघं दोन वर्षं एकत्र फिरत होती. जानेवारीत त्यानं तिच्याबद्दल आईवडिलांना कळवलं होतं.

"घरून पत्र आलं?" तिनं विचारलं.

"नाही." तो ग्लासकडे बघत होता. "येणारही नाही. फोन केला की आई विषय बदलते, बाबा इथलं हवामान विचारतात. संघमित्रा, ते मानणार नाहीत. त्यांची वाट बघत म्हातारं व्हायचं का आपण?"

"मग काय करायचं?"

"आजच लग्न झालं समजू. तू, मी आणि ही बाटली. घोटभर घे. माझ्यासाठी."

तिला रडू फुटलं. लग्न हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आपणहून आला होता. त्यानं आईबाप सोडून यावं आणि आपण घोटभरासाठी अडून बसावं? आजोबांची मनातल्या मनात माफी मागून तिनं ग्लास तोंडाला लावला. आंबटसर चव, फुलांचा वास. घोटाचा ग्लास झाला.

रविवारी त्याचा फोन आला नाही. सोमवारी नाही. बुधवारी तिनंच केला. "जरा बिझी आहे गं," म्हणाला.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला. थेट पुण्याहून.

"मी शशीची आई, नंदा. नंबर त्याच्या मामेभावाकडून घेतला. शशीला माहीत नाही. एकच विचारते बाळा, खरं सांग. तू पितेस का?"

संघमित्राला वाटलं, नाही म्हटलं की झालं. आठ हजार मैलांवर कोण बघतंय? एका शब्दावर संसार अडकला होता. पण पाचवं शील गेलंच होतं, आता खोटं न बोलण्याचं चौथंही मोडायचं? खोटं बोलून या बाईच्या घरात शिरायचं?

"एकदा प्यायले, काकू. जन्मात एकदाच. गेल्या शनिवारी, शशीबरोबर."

आता फोन आपटणार, असं समजून तिनं डोळे मिटले.

"गेल्या शनिवारी?" नंदाकाकूंचा आवाज एकदम बारीक झाला. "अगं, पण आम्ही होकार कळवल्यावर, 'मुलगी पिते, तुम्हीच तिला नाही म्हणा' असं त्याचं पत्र येऊन महिना झाला की!"