चार मडफ्लॅप, चार वार

"डावीकडे वळवा. अजून. बास, बास!" किंतीन ओरडला आणि देओलिंदाबाईंनी स्टिअरिंग सोडलं. पुढचं चाक तिरपं झालं, त्याच्यामागे हात शिरेल एवढी जागा झाली. किंतीनने रबरी मडफ्लॅप लावून बघितला, पेन्सिलीने खुणा केल्या, पुसल्या, परत केल्या. तीन स्क्रूंचं काम. चारही चाकं मिळून तासाभरात उरकली असती. त्याला पहिल्याच चाकाला पावणेदोन तास लागले.

किंतीन अडाणी नव्हता. शेतकी सोसायटीचे ट्रॅक्टर त्याने तीस वर्षं उघडले आणि बसवले होते. पण बायको जाऊन आता सहा वर्षं झाली होती, आणि गेलं वर्षभर तो रोज सकाळी मोटरसायकलवरून या छोट्या पांढऱ्या गाडीच्या मागेमागे जात होता. देओलिंदाबाई गाडीतून चिपा विकायला निघायच्या. चीजच्या त्या गरम गोल पावांचा वास त्याच्या नाकात जायचा आणि त्या इतापुआ प्रांताचा तांबडा चिखल तोंडावर उडायचा. शेवटी एकदा बाईंनीच गाडी थांबवली.

"अहो, आरशात बघितलंत का? भट्टीतून काढलेली वीट दिसताय!"

"मडफ्लॅप बसवून देतो," किंतीनच्या तोंडून निघून गेलं. "घरी येऊन."

घरी येऊन म्हटल्यावर वाराचा प्रश्न आला. त्यांच्या गावात पुरुषाने मनात काही धरून बाईच्या घरी जायचं ते मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी नाहीतर रविवारी. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी येतो तो नळ दुरुस्त करणारा. हे शेंबड्या पोरालाही माहीत. मडफ्लॅप चार आणि वारही चार! किंतीनने बेत रचला. दर खेपेला एकच चाक, आणि चौथं चाक होईपर्यंत मनातलं बोलून टाकायचं. नाही जमलं तर पुन्हा त्या घरी जायला निमित्त उरणार नव्हतं.

म्हणून तो मंगळवारी आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, मातीत लोळायला.

देओलिंदाबाईंची ब्याऐंशी वर्षांची आई सिंफोरियाना खुर्ची ओढत अंगणात आली आणि बरोबर दोघांच्या मध्ये बसली.

"आई, आत बस ना. ऊन आहे."

"आज मंगळवार आहे," म्हातारी म्हणाली.

"अगं, मी एकोणसाठ वर्षांची आहे!"

"म्हणूनच. या वयात पोरी बिघडल्या की सुधारत नाहीत."

देओलिंदाबाई चिडल्या, लाजल्या आणि त्यांनी तेरेरेने भरलेला शिंगाचा पेला पुढे केला. पाल्याचं ते गार कडवट पेय तिघांनी एकाच नळीने आळीपाळीने ओढलं. किंतीनला ते अमृतासारखं लागलं. निघताना तो म्हणाला, "दुसरं चाक गुरुवारी." बाईंनी नुसती मान डोलावली, पण जरा जास्तच वेळ डोलावली.

गुरुवारी आभाळ फाटलं. रस्त्याचा ओढा झाला, मोटरसायकल त्याच्याच दारात रुतली. किंतीनला दिवसभर चैन पडेना. शब्द दिलाय, काम अर्धवट राहिलंय, बाई वाट बघत असतील. कामसू माणसाची खोड जाते कुठे! दुसऱ्या दिवशी ऊन पडताच तो हत्यारांची पेटी घेऊन धावत सुटला.

दुसरा मडफ्लॅप बसवून तो उठला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आज म्हातारी बाहेर आलीच नाही. तेरेरेही नाही. देओलिंदाबाईंनी काचेच्या ग्लासातून पाणी आणून दिलं.

"हात धुवायचा नळ मागच्या बाजूला आहे," त्या म्हणाल्या.

किंतीनने मनाशी वार मोजला. शुक्रवार!

"अहो, काल पाऊस होता म्हणून..."

"हो, होता ना. आणि कामाला आलेल्या माणसाला काय, कुठलाही वार चालतो."

त्या आत निघून गेल्या. किंतीन मागच्या नळावर हात धूत बसला, हात स्वच्छ झाले तरी धूतच बसला.

शनिवारी तो पुन्हा गेला. दाढी घोटून, केसांना तेल लावून, आणि मनाशी पक्कं ठरवून: आज तिसरं चाक, उद्या चौथं, आणि काय वाटेल ते होवो, बोलायचंच. फाटकातून आत शिरला आणि जागीच थबकला. चारही चाकांमागे मडफ्लॅप लागले होते. मागचे दोन तर त्याने बसवलेल्यांपेक्षाही सरळ.

देओलिंदाबाई ओसरीत उभ्या होत्या. नखांत काळं ग्रीस होतं.

"मीच बसवले," त्या म्हणाल्या. "वीस मिनिटं लागली. वडिलांच्या गॅरेजात वाढलेय मी."

म्हणजे मंगळवारचे पावणेदोन तास बाईंनी मुकाट्याने बघितले होते! किंतीनचे कान तापले. त्याहून वाईट म्हणजे आता थांबायला काही कारणच उरलं नव्हतं. आपल्या हाताने आपण सगळं घालवलं असं त्याला वाटलं, आणि फार वाईट वाटलं. "बरं झालं," असं काहीतरी पुटपुटत तो वळला.

"पेटी फाटकाबाहेर ठेवा आणि परत या," मागून देओलिंदाबाई म्हणाल्या. "हातात पाना असला की तुम्हाला स्क्रूशिवाय काही सुचत नाही. म्हणून काम मी संपवून टाकलं. आता तरी सांगा, कशाला येताय ते."