म्हशीनं सोडलेला पान्हा

अमेरिकेतून लेक शिवकन्या फोनवर सहल आखत होती. वाळवंटातल्या लाल दऱ्या, कड्यावरून सूर्योदय. इकडं येडशीत तिचा बाप महारुद्र नुसता हुंकार देत होता. हा बेत त्याच्या बायकोच्या, दैवशालाच्या हौसेचा. दरसाल ठरायचा आणि मोडायचा. म्हैस तुझ्याशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडणार नाही, असं सांगून महारुद्रच तिला अडवायचा. ती वारल्यावर आज पहिल्यांदाच विषय निघाला होता.

"अण्णा, या वेळी तरी म्हशीनं रजा दिली का?"

"शेजारची हरणाबाई काढती धार."

"तिला सोडती व्हय पान्हा?"

"सोडती. तुझी आई गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सोडला."

महारुद्रनं गोठ्याकडं पाठ फिरवली.

"माझं तिकीट नको काढू, बाळा."