खिशातला हात

उजवा हात एप्रनच्या खिशात कोंबूनच बाई हरितगृहात शिरल्या. हाताला कंप जडल्यापासून कलमाची सुरी सुटली. आजच्या तासानंतर शिकवणंही सोडायचं ठरलं होतं. आत टोमॅटो फुलांनी लगडलेला, पण वारा नाही, मधमाशी नाही. “फूल थरथरलं तरच पराग सुटतात आणि फळ धरतं,” बाईंनी समजावलं. फुलं हलवायचं यंत्र मात्र ढिम्म. “बॅटरीनं मान टाकली!” मुली हसल्या. “बाई, हातानंच दाखवा ना.” आता लपवणार तरी काय? बाईंनी थरथरता हात बाहेर काढला, घोसाच्या देठाला नुसता टेकवला. फुलांतून पिवळा धूर निघावा तसे पराग सुटले, उन्हात तरंगत राहिले. “बाई, ही थरथर जमायला किती वर्षं लागतात?” एकीनं विचारलं. बाई स्वतःच्याच हाताकडे बघत राहिल्या. “मला साठी गाठावी लागली. उद्या झाडांची पुढची ओळ घेऊ.”